दोनशे शोधनिबंध आणि आईची मिश्री

(द्वितीय वर्ष, कला)

भित्तिपत्रकाचे काम माझ्याकडे आले ते केवळ माझ्या अक्षरामुळे. विषयाची मला काही जाण आहे, असा सरांचा मुळीच गैरसमज नव्हता. सात नोव्हेंबरला राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन आणि आठ नोव्हेंबरला डॉ. कमल रणदिवे यांची जयंती. दोन्ही मिळून एकच भित्तिपत्रक करावे असे ठरले. सरांनी चार मोठे कागद, दोन स्केचपेन आणि माहितीचे एक टिपण माझ्या हाती ठेवले. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला होता. पण चांगले अक्षर काढायला विज्ञान कशाला लागते, असे मनाशी म्हणून मी होकार दिला.

टिपणात सगळे होते. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरचे आडनाव समर्थ. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९८२ साली पद्मभूषण. आणि अगदी शेवटी एक वाक्य होते : त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. हा आकडा मला फार आवडला. थोर माणसांच्या नावापुढे असा एखादा भरभक्कम आकडा असला की पाहणारा आपोआप थांबतो. मी ठरवून टाकले की मथळा हाच करायचा, आणि तोही लाल अक्षरांत.

वसतिगृहाच्या खोलीत आम्ही सहाजणी. तिथे चार कागद पसरायला जागा कुठली? म्हणून शनिवारच्या एस.टी.ने कागदांची सुरळी घेऊन मी घरी गेले. आमची वाडी अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आहे. भातकापणी चालू होती. संध्याकाळी पडवी शेणाने सारवून वाळली होती, तिथे मी कागद अंथरला आणि वीतभर उंचीचे २०० काढले.

आई रानातून आली, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. आईला अक्षरे येत नाहीत; पण आकडे येतात. रेशनचे किलो, एस.टी.चे भाडे, मजुरीचा हिशेब – आकडे न येऊन आमच्याकडच्या बाईचे चालतच नाही.

"ह्ये दोनशे काय गं? रुपये?" तिने विचारले.

"नाही गं आई, निबंध. ह्या बाईंनी लिहिलेले."

"निबंध म्हंजी? तू शाळेत 'माझी गाय' लिवायचीस, तसले?"

मला हसू आले. "तसले नाही. कॅन्सरच्या संशोधनाचे. फार मोठ्या शास्त्रज्ञ होत्या त्या."

"असं व्हय! मंग लिवलंय काय त्यात?"

मी स्केचपेन हातात धरून तशीच बसून राहिले. दोनशे निबंध मी लाल अक्षरांत मिरवीत होते आणि त्यांतल्या एकातही काय आहे हे मला ठाऊक नव्हते. "असंच, रोगाचं," असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. आईने मान डोलावली, कनवटीची पितळी डबी काढली, डाव्या तळहातावर चिमूटभर मिश्री घेतली आणि बोटाने दातांवरून, हिरड्यांवरून फिरवू लागली.

ती डबी आजीची. आजी तीन वर्षांपूर्वी गेली, गालाच्या कर्करोगाने.

माझ्या वर्गमित्रांनो, खरे सांगायचे तर त्या रात्री मला झोप आली नाही. समोर कर्करोगाचे भित्तिपत्रक, शेजारी मिश्री लावून निजलेली आई, आणि दोहोंच्या मध्ये मी, घरातली पहिली कॉलेजकन्या, जिला अक्षर वळणदार काढता येते पण अर्थ सांगता येत नाही!

सोमवारी मी तडक ग्रंथालयात गेले. ग्रंथपालकाकांना म्हटले, "काका, शोधनिबंध म्हणजे नेमके काय असते? आणि तो कुणी मोजायचा?"

काकांनी चष्मा वर केला. ते म्हणाले, "हा प्रश्न तू प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारू नकोस. त्यांच्या बढतीत तेच मोजतात." मग मात्र त्यांनी मला समोर बसवून नीट समजावले. संशोधकाला काही नवे आढळले की ते कसे आढळले, किती वेळा करून पाहिले, आधी कुणी काय म्हटले होते, हे सगळे तो लिहून काढतो. त्या विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात आणि मग नियतकालिकात ते छापले जाते. तो शोधनिबंध. पुढे कुणी त्याच वाटेने गेला की त्याने आपल्या निबंधात आधीच्याचे नाव घ्यायचे, हा झाला संदर्भ. कुणाचे नाव किती जणांनी घेतले याची पद्धतशीर नोंद करावी ही कल्पना यूजीन गारफील्ड या अमेरिकन माणसाने १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून तशा सूची नियमित निघू लागल्या. २००५ साली जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आणखी एक माप काढले : ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा संदर्भ घेतला गेला आहे त्याचा निर्देशांक दहा, वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा, तर वीस.

मला ते पटकन उमगेना. काका म्हणाले, "तुमच्याकडे कोंबड्या आहेत ना? किमान दहा अंडी घालणाऱ्या दहा कोंबड्या असतील, तर तुझ्या आईचा निर्देशांक दहा."

"आणि एकाच कोंबडीने हजार घातली तर?"

"तर एक." काका हसले. "म्हणून कोणत्याही मापावर सगळा भरवसा ठेवू नये."

कमल रणदिवे २००१ साली वारल्या. म्हणजे हे शेवटचे माप त्यांच्या हयातीत निघालेच नव्हते. आपला निर्देशांक किती, हा प्रश्न त्यांना कधी पडला नसणार. ह्या विचाराने का कोण जाणे, मला बरे वाटले.

काकांनी संगणकावर शोधून त्यांचा एक निबंध मला काढून दिला. १९७६ सालचा, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' या नियतकालिकातला. सारे इंग्रजी. पहिल्या पानाला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि शब्दकोशाची पाने चुरगळली. पण मथळ्यातले दोन शब्द मात्र कोशाशिवाय कळले. एक सुपारी आणि दुसरा तंबाखू! सुपारी आणि तंबाखू कर्करोग घडवतात काय, हे प्रयोगशाळेत प्राण्यांवर तपासून पाहणारा तो निबंध होता. वर पाच जणांची नावे होती, पहिले रणदिवे. एवढी मोठी बाई आणि विषय कुठला, तर माझ्या आजीच्या तोंडात रोज असणारा!

मग मी मागे मागे जात राहिले, कारण प्रत्येक निबंध मागच्या निबंधाकडे बोट दाखवतो. रणदिवे यांचे गुरू डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तिथे ते विकृतिशास्त्र पाहत. १९४४ साली त्यांनी 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकात मुंबईतील मुखाच्या कर्करोगावर निबंध लिहिला. ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा तो आढावा आहे. १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. त्यानंतर रणदिवे आणि सहकाऱ्यांचे प्राण्यांवरचे प्रयोग. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जगभरचे असे निबंध एकत्र वाचून १९८५ साली निर्वाळा दिला की तंबाखू घातलेले पान माणसात कर्करोग घडवते. आणि २००४ साली सांगितले की नुसती सुपारीदेखील घडवते. ज्या निबंधांच्या आधारावर हे ठरले, त्यांत १९७६ चा हा निबंधही आहे.

आमच्याकडे आवणीच्या दिवसांत सावड करतात. आज सगळ्यांनी मिळून माझे वावर लावायचे, उद्या तुझे. कुणी कुणाला पैसे देत नाही; पण कोण कुणाच्या वावरात आले होते हे प्रत्येकाच्या ध्यानात असते. शोधनिबंधाच्या शेवटी दिलेली ती लांबलचक नावांची यादी मला आधी कंटाळवाणी वाटत होती. आता कळले की ती सावडीची आठवण आहे. त्या यादीत ज्याचे नाव पुन्हा पुन्हा येते, त्याने पुष्कळांच्या वावरात चिखल तुडवलेला असतो.

रणदिवे यांनी तो किती तऱ्हांनी तुडवला! पीएच.डी.नंतर त्या पाठ्यवृत्ती घेऊन अमेरिकेत बाल्टिमोरला, डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातली जिवंत पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र त्या तिथे शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, हे त्या वर्षानुवर्षे तपासत राहिल्या. १९६६ ते १९७० त्यांनी केंद्राच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिले. १९७३ साली सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापली. वडील प्राध्यापक, घरात पुस्तके, असे भाग्य त्यांना लाभले होते हे खरे. वाचताना मला थोडा हेवाही वाटला. पण लाभलेल्या भाग्याचा एवढा उपयोग करणारी माणसे तरी किती असतात?

इथवर आले आणि मला त्या हजार रुग्णांनी अडवले. एक हजार माणसे! १९४४ च्या त्या निबंधात लिहिणाऱ्याचे नाव आहे. ज्यांची तोंडे तपासली त्यांची नावे नाहीत. ती नसावीत हेच योग्य, कुणाचा आजार असा चव्हाट्यावर आणू नये, हे मला कळते. तरीही आजी डोळ्यांसमोर आली. तिच्या गालात आधी एक चट्टा होता. मग फोड आला. कुणी म्हणाले उष्णता आहे, कुणी म्हणाले दाढ टोचते. आम्ही हळद लावली, तूप लावले, मंत्रून आणलेले पाणी पाजले. शेवटी तिला मुंबईला नेले तेव्हा गालाला भोक पडायची वेळ आली होती. तिथे तिला एक क्रमांक मिळाला. बाबांनी तो पाठ केला होता, कारण प्रत्येक खिडकीवर तोच विचारीत. वाडीत जिला सगळे नावाने आणि नात्याने ओळखत, ती म्हातारी तिथे सहा आकड्यांची झाली. चूक कुणाची होती? मुंबईच्या डॉक्टरांची खचितच नाही. आमची होती असेही म्हणवत नाही. आम्हाला ठाऊकच नव्हते. जे १९४४ साली छापले गेले होते ते आमच्या पडवीपर्यंत पोचायला ऐंशी वर्षेही पुरली नाहीत.

बाल्टिमोरच्या त्याच प्रयोगशाळेची एक हकीकत वाचून तर मी सुन्न झाले. १९५१ साली तिथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी आल्या. बाई तंबाखूच्या मळ्यात राबून वाढलेली, पाच लेकरांची आई. त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, ती एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र मेल्या नाहीत. काचेत वाढतच राहिल्या. तिच्या नावातली अक्षरे घेऊन त्यांना 'हीला' म्हणू लागले. डॉ. गाय यांनी त्या मागेल त्याला फुकट वाटल्या. स्वतः त्यांनी त्यांवर १९५२ साली एक त्रोटक टिपण छापले. लिहिण्याची त्यांना फारशी हौसच नव्हती. काकांच्या कोंबड्यांच्या हिशेबाने ते मागेच राहायचे! पण त्या पेशींवर आजवर जगभरात एक लाखाहून अधिक शोधनिबंध झाले आहेत. आणि ज्या बाईच्या त्या पेशी, तिला कुणी विचारले नव्हते. तिच्या घरच्यांना वीसहून अधिक वर्षे पत्ताही नव्हता. एक लाख निबंध, आणि ज्यांना आधी सांगायचे त्यांनाच सांगायचे राहून गेले!

मग शोधनिबंधाचा परिणाम म्हणतात तो मोजायचा कुठे? दुसऱ्याच्या निबंधाच्या शेवटच्या पानावर, की माझ्या आईच्या कनवटीच्या डबीत?

हा प्रश्न मी सरांना विचारला. सर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "दोन्हीकडे. पण दुसरे मोजणारा कुणी तरी हवा." मग त्यांनी मला सांगितले की तेही मोजून पाहिलेले आहे. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन राज्यांतल्या खेड्यांतून तंबाखू खाणारे आणि ओढणारे छत्तीस हजार लोक निवडले, घरोघर जाऊन त्यांची तोंडे तपासली आणि तंबाखू सोडण्याविषयी त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिले की त्यामुळे पुष्कळांनी सवय सोडली वा कमी केली, आणि कर्करोगाच्या आधी येणारे तोंडातले पांढरे चट्टेही कमी झाले. काही औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. नुसते जाऊन सांगणे! हे वाचून मला एकदम हलके वाटले. सांगणे मला जमण्यासारखे होते.

आणि एक गोष्ट मला त्या टिपणाच्या बाहेर सापडली. रणदिवे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली होती. कुठे? तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन या संस्थेच्या आश्रयाने. म्हणजे आमच्याच तालुक्यात! मुंबईच्या प्रयोगशाळेतली, पद्मभूषण मिळालेली बाई ह्या डोंगरात येऊन मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा करीत होती. ती काही त्यांची कीर्ती वाढवणारी गोष्ट नव्हती. तिचे संदर्भ जगभर कोण घेणार? पण त्यांना ते करावेसे वाटले.

पुढच्या शनिवारी मी घरी गेले. चुलीजवळ बसून आईला म्हटले, "त्या दोनशे निबंधांत काय लिहिले आहे ते सांगू?" तिने लाकूड आत सारले. मी सांगत गेले. आकडे कमी आणि आजी जास्त, असे ते सांगणे होते. रणदिवेबाई आपल्या तालुक्यात आल्या होत्या, हेही सांगितले. त्यावर आई म्हणाली, "ल्हान हुते तवा आम्हाला बी वजनकाट्याला टांगलं हुतं. बाया आल्या हुत्या. बिस्कुटं दिली हुती." त्या बाया कुणाकडच्या, हे तिने तेव्हा विचारले नव्हते आणि तिला कुणी सांगितलेही नव्हते. मीही त्यावर काही मनोरे रचीत नाही. खेड्यातल्या लेकरांची वजने पुष्कळांनी केली आहेत. पण कुठल्या तरी जुन्या वहीत माझी आई एक आकडा होऊन बसली असेल, ह्या विचाराने मला गलबलून आले.

"सोडशील का मग मिश्री?" मी विचारले.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला काय, तू कालिजात जातीस. आवणीला सकाळच्या आठापासून कंबर वाकलेली असती. भूक लागली का मिसरी, दाढ दुखली का मिसरी. तुझ्या आजीनंच लावली मला, लगीन होऊन आले तवा. तिला तिच्या सासूनं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. हीदेखील एक सावडच म्हणायची, सासूने सुनेला दिलेली. शास्त्रज्ञांच्या निबंधांत सवय हा एकच शब्द असतो. आईच्या तोंडून त्या शब्दात भूक होती, दाढदुखी होती आणि सासूची मायाही होती. ती सवय मोडायची तर रागावून भागणार नाही, हे मला त्या रात्री समजले. मी फक्त एवढेच म्हटले, "बरं, राहू दे. मला तोंड तर दाखव."

मोबाईलची बॅटरी लावून मी पाहिले. डाव्या गालाच्या आत, जिथे तिचे बोट रोज फिरते तिथे, नखाएवढा पांढरट डाग होता. मी बोटाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

भित्तिपत्रक सात तारखेला लागले. मथळ्याचे २०० मी तसेच ठेवले. पण त्याखालची जन्म, शिक्षण, पुरस्कार यांची यादी लहान केली आणि मोकळ्या झालेल्या जागेत साध्या मराठीत लिहिले : तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारा फोड, तोंड पूर्ण न उघडणे, यांतले काही असेल तर हळद लावून वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. मिश्री हीसुद्धा भाजलेली तंबाखूच आहे. सर म्हणाले, "शुद्धलेखन उत्तम आहे." नंतर ते बराच वेळ तिथेच उभे होते. दुपारी वर्ग झाडणाऱ्या मावशी मला हाक मारून म्हणाल्या, "ताई, तेवढं वाचून दाखवा." मी वाचून दाखवले. त्यांनी ओठावरून पदर सारला आणि त्याही आ करून उभ्या राहिल्या. मी काही डॉक्टर नव्हे, हे त्यांना सांगताना माझी पुरेवाट झाली. पण वर्गाच्या दारात, दिवसाढवळ्या, एका बाईने विश्वासाने तोंड उघडून दाखवले, याचे मोल मला कुठल्या पारितोषिकापेक्षा कमी वाटत नाही.

आईला दवाखान्यात न्यायला मात्र डिसेंबर उजाडला. आधी कापणी, मग झोडपणी, मग बाबा नारायणगावाकडे मजुरीला गेलेले. मीच एक दिवस कॉलेज बुडवून तिला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला लागलेले ते दिवस कसे गेले ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांना ते सांगावे लागत नाही.

अहवाल आला. कर्करोग नाही. परंतु चट्टा आहे, तो बदलू शकतो. तंबाखू ताबडतोब बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

आईने तो कागद माझ्या हातून घेतला, उलटा सुलटा करून पाहिला आणि विचारले, "ह्यात माझं नाव हाये का?"

मी बोट ठेवून दाखवले. कागद इंग्रजी होता; पण वरच्या ओळीत तिचे नाव होते, बाबांचे होते, आडनाव होते. त्या ओळीवरून तिने एकदा हात फिरवला आणि कागदाची नीट घडी घालून कनवटीला लावला. डबीही तिथेच होती.

आज हे लिहिते आहे तेव्हा त्या गोष्टीला दीड महिना झाला. आईने मिश्री सोडली, असे मी छातीठोकपणे लिहू शकत नाही. पहिले आठ दिवस तिने डबीला हात लावला नाही. मग एकदा लावला आणि मला फोन करून सांगितले. मग पुन्हा नाही. दाढ दुखली की लवंग धरते. भूक लागली तर काय करायचे, याला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. ते उत्तर कुठल्याही एका शोधनिबंधात मिळायचे नाही, हे मला कळू लागले आहे.

कमल रणदिवे यांच्या दोनशे निबंधांपैकी मी पुरता एकही वाचलेला नाही. एका निबंधाचे पहिले पान तेवढे माझे झाले आहे. उरलेली पाने मी वाचणार आहे. माझ्या विद्वान गुरुजनांना एवढीच विनंती आहे, की तुम्ही आम्हाला थोरांचे आकडे सांगता, त्याबरोबर त्यांतले एखादे पान उलगडूनही दाखवा. आणि माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मित्रमैत्रिणींना सांगणे आहे, की शास्त्रज्ञाने लिहिलेले घरी नेऊन सांगणारा शेवटचा माणूस आपणच आहोत. आपण नाही सांगितले, तर ते आपल्या उंबऱ्याबाहेरच राहील. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला, आजीला एकदा तोंड उघडायला सांगा. उजेड चांगला असू द्या.